दोन ओळींच्या मधली माती

पहिलं झाड गेलं तेव्हा
आम्ही वाऱ्याला दोष दिला.
दुसरं गेलं तेव्हा रोठ्याला,
बुंध्याशी भुसा सांडलेला होता,
डिंक ओघळून काळा पडलेला.
तिसऱ्याला मात्र काहीच नव्हतं.
पानं पिवळी, एवढंच.
एका सकाळी सहज हात लावला
आणि ढिल्या दांड्याच्या कुदळीसारखं
ते मुळातून हाललं.

माझे वडील, रावजी भोये.
पेठच्या या माळावर चोवीस वर्षांपूर्वी
सात-सात मीटरवर त्यांनी काजू लावले.
दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, म्हणतात.
मला आठवतं ते फक्त ओरडणं,
ताण, अजून ताण, झोल पडतोय.

मेलेल्या झाडाच्या खड्ड्यात त्यांनी नवं कलम लावलं.
आयता खड्डा कोण सोडतं?
दिवाळीला ते वाळलं.
पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. मग पुन्हा.
एका खड्ड्यानं तीन कलमं गिळली
आणि चौथ्यासाठी आ वासून बसला.

मी माती घेऊन नाशिकला गेले.
कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय?
माती, म्हटलं.
तिचं तिकीट त्यानं फाडलं नाही.

खैरनार मॅडमनी मुळाचा तुकडा उभा चिरला.
सालीखाली पांढरी बुरशी, पिंजलेल्या कापसासारखी.
"झाड मेलं म्हणून ही मरत नाही,
जुन्या मुळावर बसून नव्याची वाट बघते."
किती वर्षं, हे विचारायच्या आत
त्यांनी कागदावर लिहिलं होतं:
मुळं काढा, जाळा, दोन उन्हाळे थांबा.
आणि खाली, दोन रेघा मारून:
जुन्या खड्ड्यात नको.

दोन उन्हाळे म्हणजे काय
ते कागदाला कुठं माहीत.
मनगटाएवढं मूळ उकरत जावं
तर ते बोटाएवढं होतं, मग सुतळीएवढं,
आणि सुतळी नेमकी मातीत तुटते.
तुटल्या टोकाचा माग काढत
मी आणि माझी भावजय मंजुळा
संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर.
बाबा बांधावर बसून.
त्यांनी लावलेलं आम्ही उकरत होतो,
ते एकदाही काही बोलले नाहीत.

मार्चात दिंडोरीहून द्राक्षबागेचा जुना प्लास्टिक कागद आणला,
माती भिजवून वर पसरला, कडा दगडांनी दाबल्या.
दुपारी आत हात घातला तर चटका बसायचा.
"मातीला ताप आणताय का गं?"
त्या वर्षातलं त्यांचं पहिलं वाक्य.
पावसाळ्यात ताग पेरला, फुलावर आला तसा गाडला.
पुढच्या साली झेंडू.
फुलं दसऱ्याला नाशिकला गेली,
मुळं आम्ही मातीतच ठेवली,
सूत्रकृमींना ती सोसत नाहीत म्हणे.
निंबोळी पेंड, शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा,
आणि उताराला आडवा चर,
पाणी बुंध्याशी थांबू नये म्हणून.

मग पुन्हा दोरी.
या वेळी जुन्या दोन ओळींच्या बरोबर मधून.
पहार खणकन वाजली.
ही बाबांची वाट.
चोवीस वर्षं रोज सकाळी
दोन्हीकडे झाडं बघत ते इथून चालले होते,
माती दगडासारखी झालेली.
मी ढेकूळ फोडलं, त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी ते नाकाशी नेलं, बोटांनी चुरलं.
"इथली बरी आहे," म्हणाले.
दोरीचं दुसरं टोक स्वतःच उचललं.
ताण, मी ओरडले. झोल पडतोय.

आता जिथून ते चालायचे तिथं कलमं आहेत,
आणि जिथं झाडं होती तिथून ते चालतात.
पाय हळूहळू शिकले.
मान अजून शिकायची आहे.
तिसऱ्या झाडाच्या जागी आले
की ती आपोआप खाली वाकते,
नसलेली फांदी लागू नये म्हणून.

एकेचाळीस कलमं. दुसरा हिवाळा.
चराजवळच्या एकाचं पान पिवळं दिसतंय.
थंडीनं असेल.
मी अजून
हात लावून पाहिलेला नाही.